काउंटरच्या अलीकडे

आजींनी ठेवणीतली साडी नेसली होती. मोरपंखी, जरीच्या काठाची, लेकाच्या लग्नातली. नातीच्या तोंडाला पावडर, नातवाचं डोकं तेलानं चप्प. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहत आहे, तिथल्या चढाच्या एका गल्लीत मी मोबाइलचा कॅमेरा उघडून उभा होतो आणि या बाईला कसं सांगावं याचा विचार करत होतो. बालसंगोपन योजनेच्या अर्जासोबत मुलांचा पालकाबरोबर घरासमोर काढलेला फोटो लावायचा असतो. आता जरीची साडी पाहून कुणी शंका काढली तर? शेवटी म्हटलं, "आजी, रोजची साडी चालली असती."

"फोटू सरकारात जायचा न्हवं? मग सरकारापुढं लक्तरं घालून उभी ऱ्हाऊ व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण फोटो त्या दिवशी निघालाच नाही, कारण आठवीतला नातू ऐन वेळी दारामागे जाऊन उभा राहिला. समोरच्याच घरात त्याच्या वर्गातला मुलगा राहतो. "माझं तोंड दिसलंच पाहिजे का?" एवढंच त्यानं विचारलं. मग रविवारी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी पुन्हा चढ चढून गेलो. आजींनी तीच साडी पुन्हा नेसली होती.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी काउंटरवर. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत घरातल्या साऱ्या कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, तेव्हा बायकोनंच ओळखीतून दत्तवाडीतल्या एका संस्थेचा पत्ता हातात ठेवला. दोन खोल्या, एक कपाट, एक टेबल. कुटुंबांसाठी काम करणारी संस्था, म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं. मी म्हटलं, फॉर्म भरायचेत ना, त्यात काय अवघड? आयुष्यभर तेच केलं.

चूक इथेच झाली. आयुष्यभर मी फॉर्म भरले नव्हते, तपासले होते.

तिथल्या ताई सत्तावीस वर्षांच्या, एमएसडब्ल्यू झालेल्या. माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नवरा-बायकोच्या समुपदेशनातून बाजूला केलं. "काका, तुम्ही पंधरा मिनिटांत निकाल देऊन मोकळे होता." ते खरं होतं. दुसरी सूचना घरभेटीबद्दल होती : प्रश्न विचारताना पेन खिशात ठेवायचं. पेन दिसलं की माणसं आपल्याला हवं तेच सांगतात, नाहीतर काहीच सांगत नाहीत. घरी परतल्यावर आठवून लिहायची सवय मला साठीत लावून घ्यावी लागली.

बालसंगोपन योजनेचं सूत्र साधं आहे. आई-बाप नसलेलं, किंवा एकच पालक असलेलं, किंवा ज्याचे पालक दुर्धर आजारात वा तुरुंगात अडकलेत असं मूल संस्थेत न जाता नात्यातल्या घरातच वाढावं, म्हणून दरमहा मदत. सावित्रीबाई फुल्यांचं नाव या योजनेला आहे. एका मुलामागे आधी ४२५ रुपये मिळत, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. एखाद्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. आजी चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा गेला, सुनेनं दुसरं घर केलं, आणि भावकीतले लोक वर्षभर त्यांना एकच सल्ला देत होते : पोरांना बोर्डिंगात टाक. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे या सल्ल्याला देता येण्याजोगं उत्तर होतं.

मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. तिच्यापर्यंत जायला रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, पासबुक आणि पालकाच्या मृत्यूचा दाखला एवढं लागतं. आजींकडे बाकी सगळं एका कॅरीबॅगेत नीट घडी घालून ठेवलेलं. मृत्यूचा दाखला मात्र नव्हता.

"माणूस मेलाय हे समद्या गावाला ठावं हाय की," आजी म्हणाल्या.

मुलगा जत्रेला म्हणून करमाळा तालुक्यातल्या गावी गेला होता, तिथेच छातीत कळ येऊन गेला. तिथेच शेताच्या कडेला अंत्यविधी. नोंद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कायद्यानं मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच करायची असते, आणि तीही २१ दिवसांत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. इथे दीड वर्ष झालेलं.

मग मी आणि आजी स्वारगेटहून एसटीनं गेलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्या खेपेला ग्रामसेवक दुसऱ्या गावच्या बैठकीला गेलेले. दुसऱ्या खेपेला नोंद नसल्याचा दाखला मिळाला, पण त्यात मुलाच्या बापाचं नाव चुकलं. तिसऱ्या खेपेला अंत्यविधीला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं झाली. त्यातला एक म्हातारा स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवताना रडायला लागला, आणि आजीच त्याची समजूत काढत होत्या. आईनं लेकाच्या मरणाचे साक्षीदार गोळा करत फिरायचं, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण सगळे नियम पाळत गेलं की माणूस बरोबर तिथे पोहोचतो.

परतीच्या एसटीत मला एक जुनी गोष्ट आठवली, ती इथे सांगितलीच पाहिजे. माझ्या काउंटरवर एक बाई यायची. खातं उघडताना तिनं मोठ्या कष्टानं, वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली होती. पुढे ती साक्षरता वर्गाला जाऊ लागली. एक दिवस तिनं पैसे काढायची स्लिप दिली, त्यावरची सही सरळ, रेषेत, जोडाक्षरासकट. मी नमुना काढून पाहिला आणि म्हणालो, "सही जुळत नाही." तीन वेळा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिनं मुद्दाम पूर्वीसारखं वाकडं लिहून दाखवलं, तेव्हा पैसे दिले. मी नियमानं वागलो होतो. त्या दिवशी घरी जाऊन हा किस्सा हसत सांगितलाही होता.

काउंटरवरच्या माणसाला राक्षस ठरवून मोकळं व्हायला मी तयार नाही. त्याच्या मागे तपासणी असते, जबाबदारी असते, आणि चूक झाली तर पगारातून जातं. पण समोरच्याचा बुडालेला रोज त्याच्या कुठल्याच रजिस्टरात येत नाही. माझ्याही आला नव्हता.

माझ्या जुन्या विद्येचा उपयोग मात्र एकदा झाला. आदेश आला, आजींच्या नातवाचे पैसेही आले, धाकटीचे येईनात. कार्यालयात विचारलं तर पैसे पाठवलेत म्हणत, पासबुकात काही नाही. सगळे गोंधळले. मला शंका आली. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आपण अर्जात कुठलंही खातं लिहिलेलं असो. शाळेनं शिष्यवृत्तीसाठी पूर्वी एक शून्य शिलकीचं खातं उघडलं होतं, धाकटीचं आधार तिथे जोडलेलं. ते पासबुक धान्याच्या डब्यात सापडलं, पैसेही त्यातच निघाले. त्या दिवशी ताईंनी माझ्यासाठी वडापाव मागवला.

सगळं असं जुळत नाही. वसाहतीतलीच एक बाई, नवरा पाच वर्षं बेपत्ता. तो मेलेला नाही, घटस्फोट नाही, पोलिसांत तक्रारही तेव्हा केली नव्हती. विधवा म्हणून कागद नाही, परित्यक्ता म्हणून कागद नाही. तिच्या फाइलवर आम्ही वर्षभर डोकं घातलं. ती अजून कपाटात वरच्या कप्प्यात आहे. एका कुटुंबानं मध्येच खोली सोडली, कुठे गेले कळलं नाही. आणि एका मुलाला शेवटी संस्थेतच पाठवावं लागलं, तेच त्याच्या भल्याचं होतं, असं ताई म्हणतात. मला अजून खात्री नाही.

पैसे दरमहा नेमाने येतात असंही नाही, काही महिन्यांचे एकदम पडतात. पहिल्या रकमेतून आजींनी किराणा दुकानाची उधारी मिटवली आणि नातवाला बूट घेतले. घरासमोरच्या फोटोची एक प्रत त्यांनी माझ्याकडून मागून घेतली होती. ती आता देव्हाऱ्याशेजारी, लेकाच्या फोटोखाली लावलेली आहे. नातवानं त्यात मान खाली घातली आहे. समितीनं त्यावर काही आक्षेप घेतला नाही.

वर्ष संपलं, मी दुसरं सुरू केलं आहे. बँक, पोस्ट, तहसील, शाळा यांतून निवृत्त झालेल्या आणि हे वाचत असलेल्यांना सांगणं आहे, आपल्या गावात अशी एखादी संस्था असतेच, तिला आठवड्यातले चार तास द्या. झेरॉक्सला सुटे पैसे ठेवा आणि पेन स्वतःचं न्या. मात्र घरात शिरल्यावर ते खिशातच राहू द्या.