घरचे मिश्रण

आमच्या घरात मद्याविषयी कित्येक वर्षे कुणी शब्द काढीत नसे. वडील कापसाच्या जिनिंगमधील नोकरीनिमित्त या भागात आले, संग्रामपुरात स्थिरावले आणि हातभट्टीच्या नादाने १९८४ साली अकोल्याच्या एका दवाखान्यात वारले. आई तेव्हा पस्तिशीची, आम्ही दोघे भाऊ शाळकरी. त्यानंतर प्रत्येक नाताळला करंज्या झाल्या, केक झाला, पण वाइनचा पेला काही आमच्या उंबरठ्याच्या आत आला नाही. आईने तशी बंदी कधी बोलून घातली नव्हती. तिची गरजच पडली नाही.

आमचे मामेभाऊ मात्र हा इतिहास विसरले असावेत, किंवा तो आता जुना झाला असे त्यांना वाटले असावे. सुटीवर येताना कुणी एक बाटली आणली, कुणी दुसरी. पाहता पाहता तीन जमल्या: गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स, बंगळुरूची अमृत पीटेड आणि अमृतचीच फ्यूजन. तिन्ही सिंगल माल्ट. ओतून द्याव्यात तर देणाऱ्याचा अवमान, ठेवाव्यात तर आईच्या डोळ्यांसमोर ठेवायच्या कशा? वर्षभर त्या ट्रंकेत कपड्यांखाली पडून होत्या.

आमच्यापैकी धाकट्याचे आयुष्य औषधांच्या दुकानात गेले. मापनळी आणि थेंबनळी ही त्याची हत्यारे. थोरला शाळामास्तर, त्याला प्रत्येक गोष्टीचे मूळ शोधण्याची खोड. या दोन स्वभावांतून आमचा उद्योग सुरू झाला. तो म्हणजे दोन माल्ट थेंबाथेंबाने एकत्र करून त्यांतून तिसरा गंध निघतो का ते पाहणे. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. तो आम्ही रीतसर काढला. येथे एक खुलासा केलेला बरा. घरी मिसळणे वेगळे आणि घरी गाळणे वेगळे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरांवर माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. भट्टीशी खेळ नाही, हे आमच्या घराला तरी कुणी सांगायला नको.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तीच कल्पना. हे सातू वाळवताना स्कॉटलंडच्या काही भागांत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके दबलेल्या वनस्पतींचे इंधन. त्याचा धूर दाण्यात जो मुरतो, तो पुढे पिंपात वर्षे काढली तरी जात नाही. व्हिस्कीची स्कॉटलंडमधील सर्वांत जुनी लेखी नोंद १४९४ ची, राजाच्या हिशेबवहीतली. जॉन कॉर नावाच्या एका संन्याशाला ‘जीवनजल’ बनवण्यासाठी आठ बोल (हे तिकडचे धान्याचे माप) माल्ट दिल्याची. थोरल्याने ही माहिती आईला मुद्दाम ऐकवली. आईवर तिचा काडीमात्र परिणाम झाला नाही.

मिसळण्याची कलाही जुनीच. एडिंबरोच्या अँड्र्यू अशर याने १८५३ मध्ये वेगवेगळ्या पिंपांतील माल्ट एकत्र करून विकायला काढले. किल्मारनॉकचा जॉन वॉकर मुळात किराणा दुकानदार. तिकडचे वाणी चहाची मिश्रणे करीत, त्याच हाताने पुढे मद्याची करू लागले. आपल्याकडेही दोन पुड्यांतला चहा एकत्र करणाऱ्या गृहिणी कमी नाहीत, मात्र त्यांची नावे बाटल्यांवर आली नाहीत.

आपल्या देशातली गोष्ट अधिक रंजक आहे. अमृत डिस्टिलरीज बंगळुरूत १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी काढली. आडनाव मराठी कानाला लगेच ओळखू येते. इथली पुष्कळशी व्हिस्की उसाच्या मळीच्या मद्यार्कातून होत असताना या घराण्याने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विक्रीस ठेवली. फ्यूजनमध्ये भारतीय सातू आणि स्कॉटलंडचे पीटेड सातू यांचा मेळ आहे. दोन्ही आधी वेगवेगळे मुरवतात, मग एकत्र नांदवतात. जिम मरे यांच्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’ने तिला जगात तिसरे स्थान दिले. (या शीर्षकाला आमचा आक्षेप आहे, पण असो.) पिंपातून दरसाल जे उडून जाते त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडात तो सुमारे दोन टक्के, बंगळुरूत दहाच्या पुढे. उन्हाळ्याच्या देशातले देवदूत अधिक तहानलेले दिसतात. फ्यूजनला आम्ही हात लावला नाही. जाणत्या माणसांनी जुळवलेले पुन्हा विसकटू नये.

उरल्या दोन, दोन्ही ४६ टक्क्यांच्या, म्हणजे गणित सोपे. ब्रिलियन्समध्ये धूर अजिबात नाही, मधाची छटा आहे. पीटेडमध्ये धूर भरपूर. जाणकार व्हिस्कीत पाणी घालून तिची तीव्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि मग हुंगतात, असे वाचले होते. पण पाणी कुठले? आमचा तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरींच्या क्षारयुक्त पाण्याशी ज्यांच्या आजाराचा संबंध जोडला जातो, असे मूत्रपिंडाचे रुग्ण धाकट्याने दुकानात रोज पाहिले. पुढे वाण धरणाचे पाणी नळाने आले, तेव्हा लोकांनी त्याला गोड पाणी म्हटले. बोअरचे पाणी घालून पाहिले तर व्हिस्कीचा गंध बसलाच. शेवटी धाकट्याने ऊर्ध्वपातित पाणी आणले.

एका दुपारी हे चालले असता आई दारात येऊन उभी राहिली. आम्ही गप्प. ती आत आली, पीटेडचा पेला उचलून नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाली, “हा वास मला ठाऊक आहे. अकोल्याला वॉर्डातली फरशी पुसत, तो.”

तिचे नाक चुकले नव्हते. पीटच्या धुरात फिनॉल वर्गातली द्रव्ये असतात आणि जुन्या जंतुनाशकांतही तीच भावंडे. धाकट्याला हे ठाऊक होते, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. पेले धुतले, बाटल्या ट्रंकेत गेल्या. आम्हांला वाटले, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिनेच विचारले, “त्या दुसऱ्या बाटलीने तो वास झाकतो का रे?”

मग आई आमच्या मधोमध बसू लागली. घोट तिने एकदाही घेतला नाही. फक्त हुंगायची. नऊ भाग ब्रिलियन्सला एक भाग पीटेड: “आहे.” पंधराला एक: “आहे, पण लांब आहे.” प्रत्येक मिश्रण आठवडाभर झाकून ठेवायचे, कारण ताजे जुळवलेले गंध आधी एकमेकांशी भांडतात. दोन महिने असे गेले. त्या बैठकांत ती वडिलांविषयी बोलू लागली, चाळीस वर्षांत प्रथमच. जिनिंगचा भोंगा झाला की ते आधी घरी येत आणि चुलीपुढे बसून भाकरी खात, हे आम्हांला माहीतच नव्हते. वाईट दिवसांपूर्वीही काही दिवस होते, हेच मुळी आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

चोविसाला एक या प्रमाणावर तिने पेला बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, “आता चुलीचा आहे.”

त्या प्रमाणाने २४० मिलिलिटरमध्ये १० घालून एक बाटली भरली. गळ्यापर्यंत भरली, कारण आत हवा राहिली की गंध विटतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तर फारच लवकर. ती कपाटात सर्वांत खालच्या, गार कप्प्यात आहे. नाताळच्या रात्री, मिस्सेहून परतल्यावर, आम्हां दोघांना तीस-तीस मिलिलिटर मिळते. मोजते आई, धाकट्याच्याच मापनळीने, आणि कपाटाची किल्ली पुन्हा आपल्या कमरेला लावते.