आली एस.टी.!

मी इयत्ता चौथीत शिकते. माझे गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. (माझे बाबा शाळेत होते तेव्हा जिल्हा अकोला होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला.) मला गणित आवडते. इंग्रजी आवडत नव्हते. का आवडत नव्हते ते आधी सांगते.

दुसरीत असताना गुरुजींनी विचारले, "मी आंबा खाते, हे इंग्रजीत सांगा." मी हात वर केला आणि मोठ्याने म्हटले, "आय मँगो ईट." सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मुले मला "मँगो ईट, मँगो ईट" म्हणून चिडवू लागली. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला मी हात वर करणेच सोडून दिले. बाबा म्हणतात, "आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती, तुम्हाला पहिलीपासून मिळते, तर शिका." २००० सालापासून ती पहिलीपासून आली. पण चिडवणे बाबांना नव्हते, मला होते.

यंदा गुरुजींनी सगळे नीट समजावून दिले. फळ्यावर लिहिले, "शिकाऱ्याने वाघाला मारले." मग त्याखाली लिहिले, "वाघाला शिकाऱ्याने मारले." विचारले, कोण मेले? आम्ही म्हटले, वाघ. मग लिहिले, "मारले वाघाला शिकाऱ्याने." तरी वाघच मेला. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. शब्द कुठेही जाऊन बसला तरी आपला प्रत्यय सोबत घेऊन जातो. मग त्यांनी इंग्रजीत लिहिले, "द हंटर किल्ड द टायगर." आणि फक्त दोन नावांची अदलाबदल केली. "द टायगर किल्ड द हंटर." आता मात्र बिचारा शिकारी मेला! इंग्रजीत नावाला असे 'ने', 'ला' लागत नाहीत. करणारा आधी, मग क्रियापद, मग ज्याला केले तो. जागेवरून ओळखायचे. माझा आंबा चुकीच्या जागी बसला होता, एवढेच.

मला वाटले, चला, नियम कळला. तर पुढच्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर लिहिले, "हिअर कम्स द बस." मी दोनदा वाचले. नियमाप्रमाणे बस आधी पाहिजे! माझा हात आपोआप वर गेला. दोन वर्षांनी. मी म्हटले, "गुरुजी, हे चुकले." कोणी हसले नाही.

गुरुजी म्हणाले, "एस.टी. येताना दिसली की तुम्ही काय ओरडता?" आम्ही सगळे ओरडलो, "आली एस.टी.!" (पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. ते आता अहिल्यानगर आहे. हे माझ्या सामान्यज्ञानाच्या वहीत आहे.) गुरुजी म्हणाले, "मग 'एस.टी. आली' असे का नाही ओरडत?" सगळे गप्प.

मला एकदम आबा आठवले. यंदा मृगात आम्ही सोयाबीन पेरले आणि पाऊस गेला. बियाण्याची बॅग उधार आणलेली होती. पुन्हा पेरायचे तर पुन्हा उधारी. आबा रोज ओट्यावर बसून आभाळ पाहत. माय कोणाशी बोलत नव्हती. एके रात्री आम्ही झोपलेलो, आणि आबा अंगणातून ओरडले, "आला वं, आला पाऊस!" आम्ही धावत बाहेर आलो. माय भिजत उभी राहिली. दोरीवरचे कपडे काढायचेही तिला सुचले नाही.

आबा "पाऊस आला" म्हणाले नाहीत. पाऊस तर सगळ्यांच्या मनात होताच. आला की नाही, एवढेच कळायचे राहिले होते. म्हणून 'आला' आधी निघाले. हे मी वर्गात सांगितले. गुरुजी म्हणाले, "शाब्बास! इंग्रजीतही तसेच. पाहा, इकडे, असे दाखवायचे म्हणून 'हिअर' पुढे येते, क्रियापद त्याच्यामागे येते आणि बस शेवटी जाते."

पण चाचणीत मी पुन्हा फसले. 'द बस' च्या जागी 'इट' घालायचे होते. मी लिहिले, "हिअर कम्स इट." लाल रेघ आली. सर्वनाम असले की ते मागे जात नाही. "हिअर इट कम्स" म्हणायचे. एक गुण गेला.

माझी ताई रिसोडला बारावीत आहे. तिने आणखी एक सांगितले. "आय हॅव नेव्हर सीन सच अ बिग स्नेक" हे साधे वाक्य. जोर द्यायचा असला की 'नेव्हर' पुढे आणायचे, आणि मग 'हॅव' सुद्धा 'आय' च्या पुढे उडी मारते: "नेव्हर हॅव आय सीन सच अ बिग स्नेक!" प्रश्न विचारल्यासारखे दिसते, पण प्रश्न नसतो. त्यांना परीक्षेत "नो सूनर डिड" वाली वाक्ये येतात, त्यातही 'डिड' असेच आधी येते. आपण म्हणतो, "कध्धी पाहिला नाही मी एवढा साप!" आपल्याकडे 'कधी' चा 'कध्धी' होतो ते वेगळेच. ते इंग्रजीत करता येत नाही, मी करून पाहिले.

गेल्या शनिवारी ताई येणार होती. मी आबांचा हात धरून फाट्यावर उभी होते. वळणावर लाल गाडी दिसली आणि मी जोरात ओरडले, "हिअर कम्स द बस!"

आबा म्हणाले, "अवं, सिधं 'आली एस.टी.' म्हन नं."