गरिबांच्या ताटातील रोम

प्रवासाहून परतलेल्या माणसास शेजारीपाजारी पहिला प्रश्न करतात तो 'काय काय पाहिले?' हा. 'काय काय खाल्ले?' हा प्रश्न बहुधा मुलेच विचारतात आणि मोठी माणसे त्यांना गप्प बसवितात. आमच्या मते मुलांचाच प्रश्न अधिक शहाणपणाचा. महाल, कमानी आणि पुतळे हे सम्राटांनी व धनिकांनी मागे ठेवलेले असतात. सामान्य माणसे कशी जगली हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या शहराच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागते.

२०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने पवित्र वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने नंदुरबारसारख्या आडवळणाच्या जिल्ह्यातून आम्ही उभयता रोमला जाऊन आलो. नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबई, तेथून विमान, आणि रोममध्ये पुरते चार दिवस. पहिले दीड दिवस चार महामंदिरांची पवित्र द्वारे ओलांडण्यात गेले. त्यांविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल, म्हणून पुनरुक्ती करीत नाही. उरलेले अडीच दिवस आम्ही रस्त्यांना आणि खानावळींना दिले. त्यांविषयीच हे चार शब्द.

आमच्या भागात इटालियन जेवण म्हणजे पिझ्झा, आणि पिझ्झा म्हणजे वाढदिवसाची चैन. मैद्याच्या जाड पोळीवर चीज, सिमला मिरची आणि मक्याचे दाणे. रोममध्ये हाच पदार्थ लांबलचक पत्र्यावर भाजून ठेवलेला असतो. आपण बोटाने दाखवायचे, दुकानदार कात्रीने तेवढा तुकडा कापतो आणि, आपल्याकडे फरसाण तोलून देतात तसा, तराजूत टाकून देतो. कामगार तो हातात घेऊन उभ्या उभ्या खातात. कॉफीचेही तसेच. खुर्चीवर बसून घेतली तर दाम जास्त, फळीपाशी उभे राहून घेतली तर कमी. आपल्या टपरीवरच्या चहाची आठवण व्हावी, असा हा सारा थाट.

पाण्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. रोमच्या रस्त्यांवर कमरेएवढ्या उंचीचे ओतीव लोखंडी नळ उभे आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'मोठी नाके' म्हणतात. १८७४ पासून हे नळ बसविण्यास आरंभ झाला आणि आज शहरात असे सुमारे अडीच हजार नळ आहेत. त्यांतून थंडगार, पिण्याजोगे पाणी अखंड वाहते व कोणीही ते विनामूल्य प्यावे. उन्हाळ्यात धडगाव-मोलगीकडील आयाबहिणी डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, हे नित्य पाहणाऱ्या आमच्या सौ. तेथे पुष्कळ वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. 'हे पाणी बंद करायची चावीच नाही का हो?' एवढेच त्या म्हणाल्या.

रोममध्ये आमची वाटाडी झाल्या त्या आमच्या परिचयाच्या एक सिस्टर. मूळच्या नगर जिल्ह्यातील, पण पुष्कळ वर्षे तेथील वृद्धांच्या आश्रमात सेवा करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दुपारी आम्हांस एका लहान खानावळीत नेले आणि शेवयांचा एक प्रकार मागविला. लांब शेवया, मेंढीच्या दुधाचे खारट चीज आणि भरडलेली काळी मिरी. याखेरीज ताटात काही नाही. डोंगरात कळप घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांचे हे अन्न, असे तेथे सांगतात. वाळलेल्या शेवया, मुरलेले चीज आणि मिरी या तिन्ही वस्तू झोळीत टिकणाऱ्या. आपल्याकडचे धनगर भाकरी, मिरची आणि कांदा फडक्यात बांधून निघतात, त्याच जातीची ही शिदोरी.

त्या मिरीने आम्हांस दुसऱ्या दिवशी प्राचीन रोमच्या चौकात नेले. तेथे सम्राट मॅक्सेन्शियस याच्या प्रचंड सभागृहाच्या कमानी अजून उभ्या आहेत. त्या जागी त्यापूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, सम्राट दोमितियन याने मिरीमसाल्यांची कोठारे बांधली होती. तेथे साठणारी मिरी आपल्या केरळच्या किनाऱ्यावरून, मुझिरीस बंदरातून, मोसमी वाऱ्यावर जाई. पुढे इ. स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा दिला. वेढा उठविण्यासाठी त्याने जी खंडणी घेतली, तीत सोन्यारुप्याबरोबर ३,००० पौंड मिरीही होती. सम्राटांच्या कोठारातील ही मौल्यवान वस्तू कालांतराने मेंढपाळाच्या झोळीत आली आणि तेथून आमच्या ताटात. अन्नाचा इतिहास असा वळणे घेत चालतो.

शनिवारी सकाळी सिस्टर आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, 'बाई, आज शनिवार. रोममध्ये गुरुवारी बटाट्याचे गोळे, शुक्रवारी मासे आणि शनिवारी वजडी. चला.'

'वजडी खायला का एवढ्या दूर विमानाने यायचे, सिस्टर?' सौ. हसून म्हणाल्या. पण आम्ही गेलो.

तेस्ताच्चो नावाचा तो मोहल्ला. तेथे तेलाच्या रिकाम्या मातीच्या घड्यांच्या खापरांची एक टेकडीच आहे. प्राचीन रोमचा तो उकिरडा, आणि उंची सुमारे ३५ मीटर! या टेकडीजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराचा मोठा कत्तलखाना बांधण्यात आला. तो १९७५ साली बंद झाला. जनावराचे चार चांगले भाग अमीर-उमराव, धर्मगुरू, सधन नागरिक आणि सैनिक यांच्या वाट्याला जात, अशी तेथे समजूत आहे. उरले ते आतडे, वजडी, शेपटी, काळीज. त्याला रोमन लोक 'पाचवा वाटा' म्हणतात. कत्तलखान्यातील मजुरांना मजुरीचा काही भाग याच रूपात मिळे. त्यांच्या बायकांनी टोमॅटो आणि पुदिना घालून वजडी शिजविली, शेपटीचा रस्सा तासन्‌तास मंद आचेवर ठेवला, आणि गरिबांच्या चुलीवर एक पाककला जन्मास आली. आज तेच पदार्थ खाण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी दारात रांग लावतात. वजडी उत्तम होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे होते तिच्यापेक्षा तिखट मात्र कमी.

सायंकाळी टायबर नदीच्या काठी ज्यू लोकांच्या जुन्या वस्तीत गेलो. येथे आम्हां कॅथलिकांनी थोडे मान खाली घालूनच चालले पाहिजे. १५५५ साली पोप चौथे पौल यांच्या फर्मानाने रोममधील ज्यू लोकांना या सखल, पुराच्या जागेत तटबंदीआड कोंडण्यात आले. मधला थोडा काळ वगळता ही बंधने १८७० पर्यंत टिकली. बहुतेक धंदे त्यांना वर्ज्य होते, जागा अपुरी होती. त्यांच्या स्त्रियांनी जवळच्या मासळीबाजारात टाकून दिलेली डोकी व काटे उकळून सार केले. आर्टिचोक नावाच्या काटेरी झाडाच्या कळ्या ऑलिव्हच्या तेलात अशा तळल्या की त्या शेवंतीच्या फुलासारख्या उमलतात. ते फूल आम्ही खाल्ले. पाकळ्या कुरकुरीत, गाभा लोण्यासारखा. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल याच वस्तीतील ज्यू प्रार्थनामंदिरात गेले होते, हे सिस्टरांनी आम्हांस तेथेच उभे राहून सांगितले. तटबंदी आता नाही, परंतु भिंतीआड जन्मलेली चव उरली आहे.

अडीच दिवसांत आमच्या ध्यानात आले ते हे, की रोमचे जगप्रसिद्ध जेवण सम्राटांच्या मुदपाकखान्यातून आलेले नाही. ते मेंढपाळ, खाटीक आणि कोंडून ठेवलेली माणसे यांच्या चुलींवरून आलेले आहे, आणि रोमन माणूस ते अभिमानाने पाहुण्यापुढे ठेवतो.

आता घरचे पाहू. आमच्या सातपुड्यातही अशा चुली आहेत. मक्याची व ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, भगर, मोहाची फुले. चैत्र-वैशाखात धडगावकडे कैऱ्या सोलून, चिरून उन्हात घातल्या जातात आणि त्यांचा आमचूर दूरदूरच्या बाजारांत जातो. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळू लागली की वाटसरूला ठसका लागतो. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गंमत अशी, की आमची मिरची व मका आणि इटलीचा टोमॅटो ही सारी अमेरिकेची लेकरे. सोळाव्या शतकातील जहाजांनी ती आपापल्या सासरी पोहोचविली. असे असूनही शहरातील वसतिगृहात शिकणारा मुलगा घरून मक्याची भाकरी नेण्यास लाजतो, आणि लग्नाच्या पंगतीत पनीर व पुलाव दिसतो, भगर दिसत नाही.

परंतु येथेच थांबून गरिबांच्या अन्नाचे गोडवे गाणे हे अर्धसत्य ठरेल. त्याचाही धडा इटलीनेच दिला आहे. उत्तर इटलीतील शेतमजूर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मक्याच्या घट्ट पेजेवर जगत. मेक्सिकोचे लोक मका चुनखडीच्या पाण्यात शिजवितात. ती रीत मक्याबरोबर युरोपात आली नाही. पेजेवाचून दुसरे काही नशिबी नसल्याने हजारोंना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी खरबरीत होई, बुद्धी भ्रमे, शेवटी मृत्यू येई. रोगाचे नावच मुळी इटालियन, 'खरबरीत कातडी' या अर्थाचे. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांतही हा रोग दिसे. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेत त्याचा अभ्यास केला. दोष मक्याचा नव्हता, ज्वारीचाही नाही. सोबत डाळ, भाजी, दूध, अंडे नव्हते, हा दोष. तीच पेज आज उत्तर इटलीत चीज व मांसाबरोबर मोठ्या हौसेने खाल्ली जाते.

आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुले त्यांच्याबरोबर जातात आणि अंगणवाडीचा गरम घास मागे राहतो. ज्या घरात भगर पिकते, त्याच घरातील बाळाचे वजन भरत नाही. तेस्ताच्चोच्या मजुरांना त्यांच्या रश्श्याचे कौतुक पाहावयास मिळाले नाही. कौतुक आले तेव्हा कत्तलखाना बंद होऊन मजूर पांगले होते. सातपुड्याच्या बाबतीत असे होऊ नये. शहरातील उपाहारगृहांनी उद्या भगर आणि मोह यांची नवलाई मांडावी आणि ते पिकविणारा व वेचणारा तेव्हाही उसाच्या फडातच असावा, याला मान म्हणता येणार नाही.

रोममधील त्रेव्हीच्या कारंज्यात प्रवासी पाठमोरे उभे राहून नाणी टाकतात. १७६२ साली पूर्ण झालेले हे कारंजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जलवाहिनीच्या पाण्यावर चालते. तळाशी साठणारी नाणी गोळा करून रोमच्या कारितास संस्थेला दिली जातात आणि त्यांतून गोरगरिबांची सोय होते. हौसेचा पैसा भुकेल्याकडे वळविण्याची ही सोपी रीत आम्हांस फार आवडली. ती आपल्या धर्मग्रामांतही आणता येईल. सणाच्या जेवणासाठी पाव व केक आणतोच आपण. त्याबरोबर डोंगरातील कुटुंबांकडून योग्य भावाने भगर, डाळ आणि आमचूर घ्यावा, महिलामंडळाने त्यांचे पदार्थ पंगतीत मानाने वाढावेत. पाहुणे विचारतील तेव्हा कोणत्या पाड्यावरचे हे अन्न, तेही सांगावे. असे केल्याने मुलांची लाज ओसरेल आणि पिकविणाऱ्याच्या घरी चार पैसे जाऊन त्याच्या बाळाच्या ताटात डाळ व अंडे पडेल. यांतील एक झाले आणि दुसरे राहिले, तर काम अपुरेच म्हणावे लागेल.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मराठी भाषांतरकारांनी 'भाकर' हा शब्द योजला. पोळी नव्हे, पक्वान्न नव्हे. तो शब्द निवडणाऱ्यांना आपल्या लोकांचे ताट ठाऊक होते. ती भाकर आपण रोज मागतो आणि तीही अनेकवचनात, सर्वांसाठी मागतो. तेव्हा ती मक्याची असो वा ज्वारीची, पाहुण्यापुढे ठेवताना तिची लाज वाटू नये, आणि शेजारच्या पाड्यावरील चुलीवरही ती डाळीसकट शिजते आहे ना, याची चौकशी करण्याचे आपण विसरू नये.