शेरा : उपयोग नाही

मार्च 1998 मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीची बैठक झाली. मी समितीचा अध्यक्ष होतो. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय मीच घातलेला होता : पुढील वर्षापासून फुटबॉल संघ न पाठवणे आणि त्या खेळाचं साहित्य निर्लेखित करणे. चर्चा दहा मिनिटंही झाली नाही. ठराव मी मांडला, एकमतानं मंजूर झाला, आणि चहा आला.

तो ठराव चुकीचा होता, असं आज माझं मत आहे. महाविद्यालयाचं नाव इथं लिहीत नाही. सोलापुरातलं एक लहान कॉलेज, एवढं पुरे. निर्णय माझा होता, तेव्हा त्याची जबाबदारीही माझीच.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. 1982 पासून 2015 पर्यंत जमाखर्च शिकवला. जिमखान्याकडेही मी त्याच नजरेनं बघत होतो. विद्यार्थ्यांकडून जमणारी जिमखाना फी थोडी, खेळ बारा-चौदा, आणि त्यात फुटबॉल हा खर्चिक. अकरा गडी आणि राखीव, त्यांचा प्रवासखर्च, भत्ता, शूज, शिनगार्ड, जाळ्या. त्यातून मिळायचं काय? विभागीय फेरीत फुटबॉलचे संघच मोजके, त्यामुळं कधी कधी आमची पोरं पुढं जायची आणि आंतरविभागीय सामन्यात मार खाऊन परत यायची. उलट कबड्डी आणि खो-खो आपल्या मातीतले, कमी पैशात होणारे, आणि त्यांत आमच्या मुलांना ढालीही मिळत होत्या. जो पैसा ढाल आणतो तो चांगला, असा माझा सरळ हिशेब होता.

या हिशेबाला धार आली ती 1996 च्या कोल्हापूरच्या दौऱ्यात. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. शारीरिक शिक्षणाच्या डायरेक्टर सरांना अडचण आली म्हणून संघ व्यवस्थापक म्हणून मी गेलो. रात्रीची एसटी, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत पहाटे कोल्हापूर. पोरं आसनांवर वाकडी होऊन झोपलेली, पायाशी बॉलची जाळी. सकाळी सामना झाला आणि आम्ही आठ गोल खाल्ले. कोल्हापूरची मुलं बॉल बघतसुद्धा नव्हती, तो त्यांच्या पायाला चिकटून चालला होता. बाहेर बसलेली माणसं खेळाडूंना नावानं हाका मारत होती. मला लाज वाटली. सामना संपल्यावर मी मुलांशी एक शब्द बोललो नाही. परतीच्या गाडीत मनात ठरवून टाकलं, की हा खेळ आपला नाही.

त्याच सुमाराचं माझं दुसरं एक मत सांगायला हवं, कारण दोन्ही एकाच मुळातून आली होती. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी जोर धरत होती आणि मी तिच्या विरोधात होतो. 1962 पासूनचं मोठं विद्यापीठ सोडून एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ कशाला? लहान संस्थेला कोण विचारतो? 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूर विद्यापीठ झालं, पुढं 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. हे एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ. स्थापनेच्या वेळी मी स्टाफरूममध्ये जे बोललो होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणणं एवढंच, की लहान ते दुबळं.

आता त्याचा फुटबॉलशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे, आणि तो कळायला मला अठरा वर्षं लागली. शिवाजी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर सोलापूरच्या मुलाला कोल्हापूरच्या पेठांतल्या मुलांना मागं टाकावं लागायचं. ते जवळजवळ अशक्यच. नवं विद्यापीठ झालं आणि सोलापूर जिल्ह्याच्या कॉलेजांतूनच विद्यापीठाचा संघ निवडला जाऊ लागला. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथं महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांशीही खेळतो. म्हणजे ज्या लहानपणाला मी नावं ठेवत होतो, त्यानंच विडी कामगारांच्या घरकुलातल्या किंवा शहराच्या पूर्व भागातल्या पोराला विद्यापीठाचा ब्लेझर घालायची वाट मोकळी केली. एप्रिल 2005 मध्ये शासनानं खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणाचा निर्णय काढला. दार उघडलं तेव्हा आमच्या कॉलेजात फुटबॉल संघच नव्हता. तो मी सात वर्षांपूर्वी बंद केला होता.

हे सगळं माझ्या लक्षात आलं ते 2022 मध्ये. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता, स्मरणिकेत जिमखान्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. निवृत्त माणसाला वेळ असतो, शिवाय जुन्या नोंदी मला वाचता येतात. मी डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. लाल कापडी बांधणी, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पान उलटत 1998 वर आलो. फुटबॉल 11. जाळ्या, फाटक्या, 2. हवा भरायचा पंप 1. लोखंडी गोलपोस्ट 1 जोडी. शूज 14 जोड. शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, माझ्या अक्षरात : उपयोग नाही.

शूज 14 जोड कुठून आले, हे बघायला मी मागची पानं उलटली. 1996 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या त्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी, जमा बाजूला नोंद होती : माजी खेळाडूंकडून देणगीदाखल. खाली देणाऱ्यांची नावं. तेलुगू घरांतली, कन्नड घरांतली, उर्दू बोलणाऱ्यांची, मराठी, आणि दोन रेल्वे लाइन्समधली. आठ गोल खाल्लेल्या पोरांना पुढच्या वर्षी नीट शूज मिळावेत म्हणून कुणी वर्गणी काढली होती. मी व्यवस्थापक होतो, अध्यक्ष होतो, आणि मला ते माहीत नव्हतं. रजिस्टरवर मात्र सही माझीच होती.

त्या पानावर मी बराच वेळ बसून राहिलो. मग त्या यादीतल्या आणि त्या वेळच्या संघातल्या माणसांचा शोध घ्यायला लागलो.

पहिला भेटला तो 1996 च्या सामन्यातला गोलकीपर. तेव्हा रात्रपाळीला टॉवेलच्या यंत्रमागावर काम करायचा आणि पहाटे सहाला सरावाला यायचा, हे मला त्याच्याकडूनच कळलं. आता पन्नाशीला टेकलाय, स्वतःचे माग आहेत, आणि संध्याकाळी कुंभारीकडच्या घरकुलातल्या पोरांना मोकळ्या जागेत खेळवतो. मी दारात उभा राहिलो तर म्हणाला, "काय ओ सर, वाट चुकला का?" चहा झाला. मी कोल्हापूरचा विषय काढला, म्हणालो, आठ गोल झाले तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, "सर, पहिल्या हाफमध्ये पाच झाले. दुसऱ्या हाफमध्ये तीनच. सुट्टीत आम्ही ठरवलं होतं, की त्यांचा तो डावीकडचा पोरगा आत येतो, त्याला बाहेर ढकलायचं. ढकललं. ते तुम्ही बघितलं नाही."

मी खरंच बघितलं नव्हतं. पाचव्या गोलनंतर मी पेपर वाचत होतो.

त्यानंच मला तयारीचं सांगितलं. सराव कधी होम मैदानावर, कधी रेल्वेच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरते, पाळणे लागतात, दुकानं लागतात. यात्रा उठल्यावर मैदानात खिळे, काचा, तारेचे तुकडे उरायचे. ही पोरं एका रांगेत उकिडवी बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायची आणि हातानं खिळे वेचायची. गोणपाटात भरून ठेवायची, मग फक्की मारायची, मग खेळायची. पावसात काळ्या मातीचा चिखल पायाला किलोकिलोनं चिकटायचा, उन्हाळ्यात त्याच मातीला बॉल अडकेल एवढ्या भेगा पडायच्या. पास मागायचा तर मराठीत, तेलुगूत, कानडीत, हिंदीत, ज्याला जे तोंडात येईल त्यात. त्यांना शिकवणारे होते सिकंदराबादहून बदलून आलेले रेल्वेतले एक गृहस्थ. एक पैसा न घेता शिकवायचे.

सिकंदराबाद ऐकलं आणि मला माझ्या दुसऱ्या वाक्याचीही चूक कळली : "हा खेळ आपला नाही." ज्या हैदराबादनं सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक देशाला दिला, ते हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. रहीम पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, आणि भारतानं 1951 व 1962 चं आशियाई सुवर्णपदक मिळवलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तेलंगणात आहे. फुटबॉल परका होता तो माझ्या घरात. गावात तो कुठून कुठून येऊन रुजला होता, मी त्या गल्ल्यांत गेलो नव्हतो इतकंच.

कोल्हापूरचंही कोडं सुटलं. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची, मंडळांची फुटबॉल टीम असते. पोरगं चालायला लागतं तेव्हापासून त्याच्या पेठेचा एक रंग असतो, शाहू स्टेडियमवर त्या रंगाची गर्दी असते. तिथलं कॉलेज तयार खेळाडू घेतं. 2017 साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्यात भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो काही एका दिवसात घडला नव्हता. सोलापुरात कबड्डी-खो-खोचं तसंच आहे. मंडळं आहेत, पोरं मंडळात घडतात, कॉलेज फक्त आपला बनियन त्यांच्या अंगावर चढवतं आणि ढाल कपाटात ठेवतं. फुटबॉलला मात्र आमच्याकडं असं मंडळ फारसं नव्हतं. बऱ्याच मुलांना पूर्ण मैदान, अकराचा संघ, शिट्टीवाला पंच पहिल्यांदा बघायला मिळायचा तो कॉलेजातच. म्हणजे ज्या खेळात कॉलेजचं काम सगळ्यात जास्त होतं, नेमका तोच मी कापला, आणि ज्यात आमचं काम कमीत कमी होतं त्याचं श्रेय घेत राहिलो.

खो-खोवर खर्च केला याचं मला दुःख नाही. त्या मुलींनी आणि मुलांनी त्यातला एक पैसाही वाया घालवला नाही. पण दोन खेळांना पैसे पुरत नव्हते हे कारण पूर्ण खरं नव्हतं. त्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आम्ही जो खर्च केला, त्यात फुटबॉलचा एक हंगाम निघाला असता. ते बिल मीच पास केलं होतं.

आणि ढालीचाच निकष लावायचा तर माझ्या वाणिज्य विभागाला कुणी का लावला नाही? माझ्या वर्गातली निम्मी मुलं तृतीय श्रेणीत पास व्हायची, काही नापास व्हायची. विद्यापीठात पहिला येणारा मुलगा आमच्याकडं कधी झाला नाही. म्हणून विभाग बंद करा, असं कुणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. म्हणालो असतो, या पोराच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी ताळेबंद वाचायला शिकतंय. हेच वाक्य फुटबॉलच्या बाजूनं बोलायला त्या बैठकीत कुणी नव्हतं. डायरेक्टर सर गप्प बसले, कारण मी ज्येष्ठ होतो.

आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ कधी झालाच नाही. जुन्या संघाच्या इतिहासात हीही नोंद मी केली आहे.

स्मरणिकेसाठी पानं दोन मागितली होती, मी सोळा दिली. प्राचार्यांना वेगळं पत्रही दिलं आहे : 1998 चा ठराव रद्द करावा, मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरवावेत, आणि गोलपोस्टची एक जोडी माझ्या निवृत्तिवेतनातून घ्यावी. संस्थेचा निर्णय अजून व्हायचा आहे. सोलापुरातल्या, पंढरपूर-बार्शीकडच्या इतर कॉलेजांतल्या जिमखाना समित्यांनाही माझी विनंती आहे. एखादा खेळ ढाल आणत नाही म्हणून त्याच्यासमोर "उपयोग नाही" लिहिण्याआधी ती मुलं सरावाला कुठं आणि किती वाजता येतात ते एकदा जाऊन बघा. शक्यतो पहाटे जा.

आणखी एक. 1974 ते 1998 या काळात आमच्या संघातून खेळलेल्या बऱ्याच जणांची नावं मला मिळाली, पण संघाचा फोटो एकही मिळालेला नाही. शूजसाठी वर्गणी देणाऱ्या त्या चौदा नावांपैकी पाच जण अजून सापडलेले नाहीत. तुम्ही त्यांतले असाल, किंवा तुमच्या वडिलांच्या पेटीत पट्ट्यापट्ट्यांचा जुना बनियन, एखादं प्रमाणपत्र, चिखलानं भरलेल्या अकरा पोरांचा एखादा फोटो असेल, तर मला दाखवा. मी रोज सकाळी सात वाजता होम मैदानाला फेरी मारायला असतो. फोटोची प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत देईन.