कागदावरचा आकडा आणि खाटेवरचा माणूस

गोष्ट 2023 च्या पावसाळ्यातली. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, न्यूमोनिया झाला. दोन दिवस त्याने ताप अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि थेट अतिदक्षता विभागात न्यावे लागले. दादा वेल्डिंगचे काम करणारा. रोजचे मिळवायचे, रोजचे खायचे. वहिनीने कानातले गहाण टाकले, मी पतपेढीचे कर्ज काढले.

पहिल्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात 'सीआरपी' 24 होते. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, 130! वहिनीचे भाऊ म्हणाले, "पाचपट वाढले. आता पैसे ओतून काय उपयोग? घरी नेऊ. निदान घरचे पाणी तरी तोंडात पडेल." आई रडू लागली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

मी दोन्ही कागद हातात घेतले. वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर बसलेला माणूस मी; आकडा कशाचा, हे आधी बघायची सवय. पहिल्या कागदावर लिहिले होते मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर, दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर. तपासण्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांत झाल्या होत्या. डेसीलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणजे पहिला आकडा खरा 240. आकडा चढला नव्हता, जवळपास निम्म्यावर आला होता!

धावत जाऊन डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचे. उतार चांगला आहे. पण एवढ्यावरून माणूस वाचला असे समजू नका."

त्यांनी समजावले ते आपल्या वाचकांनाही माहीत असावे. शरीरात जंतू शिरले किंवा मोठी इजा झाली की यकृत हे प्रथिन भराभर तयार करते. 1930 साली अमेरिकेत न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले. निरोगी माणसात ते साधारणपणे लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असते. आजारात काही तासांत चढू लागते, दोनेक दिवसांत शिखर गाठते आणि मूळ कारण आटोक्यात आले की सुमारे 19 तासांत निम्मे होते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. औषध सुरू होऊन तीन-चार दिवस झाले तरी आकडा हलत नसेल, तर धोका जास्त. मग डॉक्टर शोधतात, की औषध लागू पडत नाही, की कुठे पू साचला आहे.

मात्र हा आकडा फसवूही शकतो. शस्त्रक्रियेनंतर तो जंतूंशिवाय चढतो. स्टिरॉइड दिल्यास उतरतो. म्हणून रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण, शुद्ध हे सगळे जोडीने पाहावे लागते. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा आकडाही उतरत होता. त्यांच्या मुलाने आम्हाला चहा पाजला होता. पण मूत्रपिंडे थांबली आणि दोन दिवसांनी आजी गेल्या. मुलगा जिन्यात रिपोर्ट धरून बसला होता. त्याला काय सांगावे, मला सुचले नाही.

दादा अकराव्या दिवशी घरी आला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. वहिनीच्या भावांना मी दोष देत नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला आशा धरायलाही भीती वाटते.

एवढेच सांगणे, की घरचे माणूस अतिदक्षता विभागात असेल तर एक वही करा. तारीख, आकडा, त्यापुढचे एकक आणि प्रयोगशाळा लिहून ठेवा. डॉक्टरांना विचारा, "कालच्यापेक्षा आज कसे आहे?" विचारायला संकोच करू नका. आपण अडाणी ठरत नाही. आमच्या घरात त्या रात्री एका प्रश्नावर एक माणूस राहिला होता.