चार ग्रॅमचा सेलिब्रिटी

'अगं, आमच्या बाल्कनीत रोज हमिंगबर्ड येतो!' असं पुण्या-मुंबईत कुणी सांगितलं, की हसू दाबायचं. तो आपला शिंजीर असतो. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत. त्यामुळे मार्चमध्ये कॅलिफोर्नियात, सनीवेलला ताईच्या बॅकयार्डात तो दिसला, तेव्हा चहा तसाच टाकून मी कॅमेऱ्याकडे धावले. परत येते तर फूल नुसतं हलतंय!

'ॲनाज हमिंगबर्ड' त्याचं नाव. वजन चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याहूनही हलका. पंख सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा हलतात. दोन दिवस मी त्याच्यामागे कॅमेरा घेऊन धावले. हाती काय? हिरवट धुरकट पट्टे.

मग अक्कल आली. धावायचं नाही, बसायचं. एका फुलात मध असतो थोडासाच, त्यामुळे हे महाशय त्याच त्या फुलांवर पुन:पुन्हा फेरी मारतात आणि मधल्या वेळात ठरलेल्या सुक्या काटकीवर बसून इतर नरांना हाकलतात. ताईकडे हमिंगबर्ड सेज आहे, गडद गुलाबी नळ्यांसारखी फुलं असलेलं, अस्सल कॅलिफोर्नियाचं. त्यातल्या एका फुलावर आधीच फोकस लावला, शटर १/३२०० आणि ऊन पाठीशी. हे ऊन महत्त्वाचं! नराचा गळा एरवी काळाच दिसतो. तो रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या रचनेचा आहे. मान नेमक्या कोनात वळली, की भडक गुलाबी पेटतो. क्षणभरच.

फीडर लावला की काम सोपं. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. लाल रंग नाही, मधही नाही. पण फीडरवरचा फोटो म्हणजे लग्नातल्या बुफेचा फोटो. मला फूलच हवं होतं.

चौथ्या दिवशी ताईने लिंबाच्या झाडात घरटं दाखवलं. अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. आत मादी. अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं ती एकटीच करते. नराचा पत्ता नसतो. फ्रेम जबरदस्त होती, फक्त समोर एक फांदी आडवी येत होती. जराशी वाकवून बांधली, की झालं! मी हात घातलासुद्धा.

'ती फांदी आहे म्हणून स्क्रब जेला घरटं दिसत नाही,' ताई हळूच म्हणाली. निळा, कावळ्याच्या कुळातला तो पक्षी कुंपणावरच बसला होता. अंडी-पिल्लं त्याला चालतात.

हात काढला. लेन्सला झाकण लावलं. खरं सांगते, तेव्हा जिवावर आलं होतं.

सहाशेच्या वर फ्रेम्स घेतल्या. त्यातल्या एकीत गळा पेटलाय आणि चोच फुलात आहे, फक्त शेपटी कापली गेलीय. तीच ताईच्या फ्रिजवर लागलीय. परवा फोनवर ताई म्हणाली, घरट्यातून आता दोन चोची वर येतात. फोटो पाठव म्हटलं, तर म्हणे, 'फांदी आडवी येते गं.'