इंजिनातलं ताक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची गाडी सेकंडहँड, घेतली तेव्हाच ९ वर्षांची. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आत पिवळट, ताकासारखा फेस! गॅरेजवाला म्हणाला, "काका, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल." हिला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं, गाडीवाचून कसं चालणार?

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण पेपर तपासायची सवय! डिपस्टिक काढली. ऑइल काळं, फेस नाही. (तिथंही फेस असता तर गाडी जागची हलवली नसती. कूलंट मिसळलेल्या ऑइलनं बेअरिंगं खलास होतात.) इंजिन पार गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. तेलाचा तवंग नाही. कूलंटच्या बाटलीवर पट्टी चिकटवून खूण केली. १५ दिवसांत पातळी हलली नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूरही नाही.

मग लक्षात आलं, दवाखाना जेमतेम दीड किलोमीटर! इंजिन पुरतं तापतच नव्हतं. आतली वाफ गार झाकणाला धरून पाणी व्हायची आणि ऑइलात घुसळली जायची.

झाकण पुसलं, ऑइल बदललं आणि हिला विचारलं, "वाईला जायचं का?" दुखण्यानंतर दोन वर्षं माहेर पाहिलं नव्हतं तिनं. पुण्याहून ९० एक किलोमीटर. पोचल्यावर ती ओसरीवर, मी बॉनेटपाशी ताटकळत. तासाभरानं झाकण फिरवलं. कोरडं.

"अहो, चहा गार होतोय!" आतून हाक आली.